हेलिक्स नेमकी कधी उलगडली? सिम्युलेशनमधल्या दुय्यम रचनेचा रंगपट काढायला शिकताना

माझ्या पहिल्या रंगपटात ट्रिप-केजला बीटा स्ट्रँड फुटला होता. ट्रिप-केज म्हणजे अवघ्या २० अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. त्यात एक अल्फा हेलिक्स (साखळीचा स्प्रिंगसारखा पिळा), एक आखूड, जास्त घट्ट ३-१० हेलिक्स आणि शेपटीला प्रोलिनांची रांग. ताणलेले तुकडे, म्हणजे स्ट्रँड, शेजारी-शेजारी बांधले जाऊन होणाऱ्या बीटा शीटला जागाच नाही. तरी ग्रुप मीटिंगमध्ये पडद्यावर हेलिक्सच्या लाल पट्ट्याच्या कडेनं बारीक पिवळ्या रेघा चमकत होत्या, आणि मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगत होते, "हेलिक्स सुटताना मधे बीटासारखी एक अवस्था येते असं दिसतंय." मागून एका सीनियरनं शांतपणे विचारलं, "स्ट्रँड आहे, तर त्याचा जोडीदार कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं, की ती अवस्था प्रथिनात नव्हतीच. प्लॉट काढणाऱ्या लायब्ररीनं ती तयार केली होती. ते कसं, हे सातव्या पायरीत सांगते.

हा लेख अशांसाठी, ज्यांनी ग्रोमॅक्स या प्रोग्राममध्ये प्रथिनाच्या हालचालींचं एखादं सिम्युलेशन पूर्ण केलंय आणि आता गाइडनं सांगितलंय, "सेकंडरी स्ट्रक्चरचा प्लॉट काढून आण." सेकंडरी स्ट्रक्चर म्हणजे दुय्यम रचना: साखळी कुठे हेलिक्स, कुठे स्ट्रँड आणि कुठे मोकळी आहे ते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर रेसिड्यूचा, म्हणजे साखळीतल्या अमिनो आम्लाचा, क्रमांक आणि प्रत्येक चौकटीला त्या क्षणी त्या रेसिड्यूच्या रचनेचा रंग, असा तो प्लॉट. आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच ती रोमनमध्ये टाइप करायची.

१. आधी प्रश्न एका ओळीत लिहा

"दुय्यम रचना कशी बदलते?" हा प्रश्न नाही, तो विषय झाला. "१२ ते २० या रेसिड्यूंमधली हेलिक्स म्युटंटमध्ये लवकर सुटते का?" हा प्रश्न. हेलिक्स सुटते का हेच बघायचं असेल, तर आठ प्रकारच्या रचना आठ रंगांत दाखवून उपयोग नाही. उलट, अल्फा हेलिक्स ३-१० मध्ये घसरते का हे बघायचं असेल, तर त्या दोघींना एकाच रंगात गुंडाळणं हा गुन्हा. पुढचे सगळे निर्णय या ओळीवर अवलंबून आहेत, म्हणून ती वहीत वरच लिहून ठेवा.

२. हाताशी काय काय हवं

- ट्रॅजेक्टरी, म्हणजे फ्रेममागून फ्रेम अणूंच्या जागांची नोंद असलेली एक्सटीसी फाइल. ट्रॅजेक्टरी तुकड्यांत असेल तर सगळे तुकडे.
- टीपीआर फाइल (सिम्युलेशनचं तयार इनपुट), आणि प्रथिनाच्या रचनेची एक पीडीबी किंवा जीआरओ फाइल.
- दर किती पिकोसेकंदांनी फ्रेम साठवली ते. आठवणीवर जाऊ नका, सेटिंग्जची एमडीपी फाइल उघडून बघा.
- रेसिड्यू क्रमांकांचा तक्ता: पेपरमधला क्रमांक, पीडीबीमधला क्रमांक आणि तुमच्या सिम्युलेशनमधला क्रमांक. हे तिन्ही एकच असतील असं गृहीत धरू नका.
- मूळ स्फटिक किंवा एनएमआर रचनेत कुठून कुठपर्यंत हेलिक्स आणि कुठे स्ट्रँड आहेत, याची यादी.
- पायथन, आणि त्यात एमडीट्राज (ट्रॅजेक्टरी वाचायला), नमपाय व मॅटप्लॉटलिब (चित्र काढायला). ग्रोमॅक्स २०२३ किंवा पुढची आवृत्ती असेल तर उत्तम.

यातली पाचवी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. पण तुमचा प्लॉट बरोबर आहे का, हे तपासायला सुरुवातीला तोच एक आधार असतो. उदाहरणार्थ युबिक्विटिन: ७६ रेसिड्यू, आणि मुख्य अल्फा हेलिक्स २३ ते ३४. तुमच्या प्लॉटच्या पहिल्या उभ्या ओळीत ती हेलिक्स २२ ते ३३ वर दिसली, तर प्रथिन हललेलं नाही; पायथननं शून्यापासून मोजलंय.

३. डीएसएसपी काय बघतं, हे समजून घ्या

हे टाळून थेट आज्ञा चालवता येते. मीही तेच केलं होतं, आणि म्हणूनच जोडीदाराचा प्रश्न आल्यावर गप्प बसले.

डीएसएसपी म्हणजे अणूंच्या जागांवरून दुय्यम रचना ठरवण्याची पद्धत; वोल्फगांग काब्श आणि क्रिस सँडर यांनी १९८३ मध्ये ती मांडली. तिचा पाया एकच: मुख्य साखळीतले हायड्रोजन बंध. एका रेसिड्यूचा कार्बोनिल आणि दुसऱ्याचा अमाइड समोरासमोर आले, की त्यांच्या चार अणूंमधली चार अंतरं घेऊन एक विद्युत-ऊर्जा काढली जाते. ती उणे ०.५ किलोकॅलरी प्रति मोलपेक्षा खाली गेली की बंध आहे, नाही तर नाही. मधलं काही नाही. मग या बंधांच्या नक्षीवरून नावं पडतात. चार रेसिड्यू पुढच्या अमाइडशी बंध असलेली वळणं लागोपाठ आली की अल्फा हेलिक्स, तिचं अक्षर एच. तीन पुढच्याशी असतील तर ३-१० हेलिक्स, अक्षर जी. पाच पुढच्याशी असतील तर पाय हेलिक्स, अक्षर आय. साखळीचे लांबचे दोन भाग एकमेकांशी ठरावीक नक्षीत बांधले गेले तर पूल होतो. एकटा पूल म्हणजे बी, ओळीनं पूल असतील तर ई, म्हणजेच शीटमधला स्ट्रँड. एकटंच वळण असेल तर टी. बंध नाही, पण साखळी ७० अंशांहून जास्त वाकलीय, तर एस. बाकी उरलेलं सगळं कॉइल किंवा लूप.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली, स्ट्रँड कधीच एकटा नसतो. ई अक्षर दिसलं की त्याचा जोडीदार प्लॉटवर कुठेतरी त्याच क्षणी ई असलाच पाहिजे. नसेल, तर चूक तुमच्याकडे आहे.

दुसरी, टोकं कधीच हेलिक्स नसतात. अल्फा हेलिक्सची व्याख्याच अशी आहे, की २० रेसिड्यूंचं पेप्टाइड पूर्णपणे गुंडाळलं तरी जास्तीत जास्त २ ते १९ एवढेच रेसिड्यू एच ठरतात. म्हणजे १८, म्हणजे ९० टक्के. "हेलिक्स कधीच शंभर टक्के का होत नाही?" असं विचारत एका ज्युनियरनं दोनदा सिम्युलेशन पुन्हा लावलं होतं.

तिसरी, उणे ०.५ ही रेषा धारदार आहे, आणि ३०० केल्विनला प्रथिन थरथरत असतं. हेलिक्सच्या टोकांना बंधाची ऊर्जा या रेषेच्या इकडे-तिकडे होत राहते, म्हणून प्लॉटवर एच, जी आणि टी यांची लुकलुक दिसते. ती लुकलुक म्हणजे "हेलिक्सचं वितळणं आणि पुन्हा घडणं" नव्हे. बहुतेक वेळा अणू दोन-चार दशांश अँगस्ट्रॉमच हललेले असतात.

४. ट्रॅजेक्टरी धुऊन-पुसून घ्या

आवर्ती पेटीत प्रथिन भिंतीला टेकलं की त्याचा अर्धा भाग पलीकडच्या बाजूनं आत येतो. भौतिकीच्या दृष्टीनं त्यात काही बिघडलेलं नसतं, पण साधं अंतर मोजणाऱ्या साधनाला हायड्रोजन बंध तुटलेला दिसतो. प्लॉटवर मग सगळ्या रेसिड्यूंमधून एकदम आरपार जाणारी उभी कॉइलची रेघ येते. खरं उलगडणं असं एका फ्रेमपुरतं होऊन पुढच्याच फ्रेममध्ये पूर्ववत होत नाही. अशी रेघ दिसली की पेटीवर संशय घ्या.

ग्रोमॅक्सच्या ट्रजकॉन्व्ह आज्ञेत पीबीसी पर्यायाला "होल" द्या, म्हणजे तुटलेले रेणू जोडले जातात. त्याच फेरीत आउटपुटसाठी फक्त प्रोटीन गट निवडा. पाणी काढून टाकलं की फाइल इतकी हलकी होते, की पुढचं सगळं काम लॅपटॉपवर होतं.

इथे दोन खड्डे आहेत. एक: फक्त प्रथिनाची एक्सटीसी आणि पाण्यासकटची जुनी टीपीआर एकत्र वापरलीत तर अणूंची संख्या जुळत नाही. कन्व्हर्ट-टीपीआर वापरून प्रथिनापुरती टीपीआर वेगळी करून घ्या. दोन: प्रथिनाच्या दोन किंवा अधिक साखळ्या असतील तर "होल" प्रत्येक साखळी जोडतं, पण दुसरी साखळी पेटीच्या पलीकडे राहू शकते. अमिलॉइडसारख्या प्रणालीत शीट साखळ्यांच्या *मधे* असते, त्यामुळे तिथे "नोजंप" किंवा "क्लस्टर" वापरून साखळ्या शेजारी आणाव्या लागतात. आणि अशा प्रणालीत सोयीसाठी एकच साखळी वेगळी काढून डीएसएसपी चालवलंत, तर जोडीदारच गायब. सगळे स्ट्रँड कॉइल होतात.

तुकडे जोडताना ट्रजकॅट वापरा आणि जोडल्यावर वेळेचा स्तंभ तपासा. मधेच बंद पडून पुन्हा सुरू केलेल्या सिम्युलेशनमध्ये काही नॅनोसेकंद दोनदा येऊ शकतात.

५. सिम्युलेशनला हात लावण्याआधी ३८ फ्रेमवर सराव करा

ही युक्ती मला कुणी आधी सांगितली असती तर एक आठवडा वाचला असता. ट्रिप-केजची एनएमआर रचना पीडीबीमध्ये आहे. तिचा संकेतांक १ एल २ वाय. त्या एका फाइलमध्ये ३८ मॉडेल आहेत. एमडीट्राजच्या लोड फंक्शनला ती फाइल दिली की ती ३८ फ्रेमची, ३०४ अणूंची ट्रॅजेक्टरी म्हणून उघडते. त्यांना वेळेचा क्रम नाही, हे खरं, पण प्लॉटच्या यंत्रणेला त्याचं काय! वीस रेसिड्यू, अडतीस स्तंभ: प्रत्येक चौकट डोळ्यांनी मोजता येते.

उत्तर आधीच माहीत आहे. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या रेसिड्यूपासून आठव्या-नवव्यापर्यंत अल्फा हेलिक्स, मग ११ ते १४ च्या आसपास ३-१० हेलिक्स, पुढे शेपूट. तुमच्या प्लॉटवर हेलिक्स वरच्या बाजूला दिसली की खालच्या, क्रमांक एकनं सरकलेत का, रंगसूची बरोबर आहे का, हे सगळं इथेच पाच मिनिटांत कळतं. दहा हजार फ्रेमच्या गर्दीत ते कळत नाही.

६. अक्षरं काढा

तीन वाटा आहेत.

*ग्रोमॅक्सची वाट.* २०२३ पासून "जीएमएक्स डीएसएसपी" ही आज्ञा ग्रोमॅक्समध्येच आली आहे. एस पर्यायाला टीपीआर, एफ पर्यायाला एक्सटीसी आणि ओ पर्यायाला आउटपुट फाइलचं नाव द्यायचं. आउटपुट ही साधी मजकूर फाइल असते: एका ओळीत एक फ्रेम, एका अक्षरात एक रेसिड्यू. लूपसाठी नागमोडी चिन्ह येतं, साखळी तुटते तिथे बरोबरचं चिन्ह. ते बरोबरचं चिन्ह रेसिड्यू म्हणून मोजलंत, तर त्यापुढचे सगळे क्रमांक घसरतात. नम पर्याय दिलात तर कोणत्या प्रकारात किती रेसिड्यू आहेत, याची एक्सव्हीजी फाइलही मिळते. एचमोड पर्याय ठरवतो की अमाइडचा हायड्रोजन ट्रॅजेक्टरीतला खरा घ्यायचा की मूळ पद्धतीप्रमाणे भूमितीवरून बसवायचा. काहीही निवडा, पण तुलना करायच्या सगळ्या धावांना तेच ठेवा.

इंटरनेटवरच्या जुन्या धड्यांमध्ये "डू-डीएसएसपी" ही आज्ञा दिसेल. तिला बाहेरून वेगळा डीएसएसपी प्रोग्राम बसवावा लागायचा, त्याचा पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यावा लागायचा, आणि निघालेली एक्सपीएम फाइल आणखी एका आज्ञेनं ईपीएसमध्ये बदलावी लागायची. नव्या ग्रोमॅक्समध्ये ती आज्ञा नाही. "कमांड सापडत नाही" असं आलं तर तुमचं इन्स्टॉलेशन बिघडलेलं नाही. धडा जुना आहे.

*एमडीट्राजची वाट.* मला हीच जास्त आवडते, कारण अक्षरं थेट पायथनच्या अॅरेमध्ये येतात. फंक्शनचं नाव कॉम्प्युट-डीएसएसपी. ओळी म्हणजे फ्रेम, स्तंभ म्हणजे रेसिड्यू. पण सावध: "सिम्प्लिफाइड" हा पर्याय मुळातच चालू असतो. त्यात एच, जी, आय या तिन्हींचा एच होतो. ई आणि बी यांचा ई. टी, एस आणि लूप यांचा सी. ट्रिप-केजमधली ३-१० हेलिक्स मग अल्फासारखीच दिसते. पहिल्या पायरीतला प्रश्न आठवा आणि गरज असेल तर तो पर्याय बंद करा. आठ अक्षरी रूपात लूपसाठी रिकामी जागा येते, हेही ध्यानात ठेवा.

ज्या रेसिड्यूत मुख्य साखळीचे अणू पूर्ण सापडत नाहीत, तिथे एमडीट्राज "एनए" लिहितं. पाणी, आयन आणि लिगंड यांना ते येणं ठीकच. पण टोकांना एसीई आणि एनएमई अशा टोप्या बसवल्या असतील तर त्यांनाही येतं, आणि शेवटच्या रेसिड्यूच्या ऑक्सिजनचं नाव फोर्स फील्डनं (अणूंमधली बलं ठरवणाऱ्या सूत्रांच्या संचानं) बदललं असेल तर त्यालाही येऊ शकतं. एनएचे स्तंभ काढून टाका, पण काढताना क्रमांकांची यादीही सोबत कापा.

*बाकीच्या वाटा.* ग्रोमॅक्सऐवजी अँबर हा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी सीपीपीट्राजमध्ये सेकस्ट्रक्ट आज्ञा आहे. एमडीअॅनालिसिसमध्ये २.८ आवृत्तीपासून डीएसएसपी आहे, पण ते हेलिक्स, स्ट्रँड आणि बाकी एवढंच सांगतं. व्हीएमडी या रेणूंची चित्रं दाखवणाऱ्या प्रोग्रामची टाइमलाइन खिडकी झटपट नजर टाकायला छान. मात्र व्हीएमडी डीएसएसपी नव्हे तर स्ट्राइड वापरतं, आणि स्ट्राइड हायड्रोजन बंधांबरोबर फाय-साय कोनही (प्रत्येक रेसिड्यूपाशी मुख्य साखळी किती पिळलीय ते सांगणारे दोन कोन) बघतं. दोघांची उत्तरं कडेच्या रेसिड्यूंवर वेगळी येणारच. एका पेपरमध्ये दोन्ही मिसळू नका.

७. अक्षरांना आकडे, आकड्यांना रंग: इथेच पाणी मुरतं

मॅटप्लॉटलिबचं इमशो फंक्शन अक्षरं घेत नाही, म्हणून आपण आकडे देतो. मी दिले होते: कॉइल शून्य, स्ट्रँड एक, हेलिक्स दोन. वरवर निरुपद्रवी.

आता हिशेब बघा. १०० नॅनोसेकंद, दर १० पिकोसेकंदांनी एक फ्रेम, म्हणजे १०,००१ फ्रेम. मॅटप्लॉटलिबचं नेहमीच्या आकाराचं चित्र ६.४ इंच रुंद, इंचाला १०० पिक्सेल. समास वजा जाता प्लॉटला राहतात सुमारे ५०० पिक्सेल. म्हणजे एका पिक्सेलमध्ये वीस फ्रेम कोंबायच्या. लायब्ररी आपलं भलं करायला जाते आणि त्या फ्रेमची सरासरी काढते. हेलिक्सचं टोक अर्धा वेळ हेलिक्स, अर्धा वेळ कॉइल. दोन आणि शून्य यांची सरासरी एक. आणि एक म्हणजे स्ट्रँड!

माझा बीटा स्ट्रँड असा जन्मला. लुकलुक जिथे जास्त, तिथे पिवळी रेघ. म्हणूनच ती लाल पट्ट्याच्या नेमक्या कडेनं होती आणि म्हणूनच इतकी खरी वाटत होती. मॅटप्लॉटलिबच्या काही आवृत्त्या आकड्यांऐवजी रंगांची सरासरी काढतात. मग सूचीत नसलेलाच एखादा नारिंगी किंवा मळकट रंग उगवतो. खोटं दोन्हीकडे आहे, दुसऱ्या प्रकारात निदान संशय तरी येतो.

उपाय एका शब्दाचा: इंटरपोलेशन पर्यायाला "निअरेस्ट" द्या. दरवेळी, न विसरता. दुय्यम रचनेची अक्षरं म्हणजे नावं, मोजमापं नव्हेत. आंबा आणि फणस यांची सरासरी चिकू होत नाही.

दुसरा सापळा याच पायरीत आहे आणि तो जास्त लोकांना अडकवतो. रंगसूची दिली, पण किमान-कमाल मर्यादा दिल्या नाहीत, तर मॅटप्लॉटलिब रंगांची पट्टी हाती असलेल्या डेटावर ताणून बसवतं. मूळ प्रथिनाच्या धावेत शून्य ते सात सगळे आकडे आले आणि म्युटंटच्या धावेत सात आलाच नाही, की दोन्ही चित्रांत एकाच रचनेला वेगवेगळे रंग. शेजारी-शेजारी ठेवल्यावर वाचक म्हणणार, केवढा फरक! म्हणून आठ रंग असतील तर व्हीमिन उणे ०.५ आणि व्हीमॅक्स ७.५ असं प्रत्येक चित्रात स्वतः लिहा.

बाकीच्या गोष्टी भराभर. अॅरे उलटा करा, म्हणजे ट्रान्सपोज, नाही तर वेळ उभा येईल. ओरिजिन "लोअर" ठेवा, नाही तर पहिला रेसिड्यू वर जाईल. आस्पेक्ट "ऑटो" ठेवा, नाही तर दहा हजार बाय वीसची सुतळी दिसेल. एक्स्टेंट पर्यायात खरी वेळ नॅनोसेकंदांत आणि खरे रेसिड्यू क्रमांक द्या. एमडीट्राज आणि ग्रोमॅक्स वेळ पिकोसेकंदांत सांगतात, तेव्हा हजारानं भागायला विसरू नका. रंगांची सतत पट्टी लावण्याऐवजी प्रत्येक रंगाचा चौकोन आणि त्यापुढे नाव अशी सूची लावा.

रंग निवडताना हेलिक्सच्या कुटुंबाला एकाच रंगाच्या छटा द्या, शीटच्या कुटुंबाला दुसऱ्या. लूप पांढरा किंवा फिका राखाडी. टी आणि एस यांना भडक रंग देऊ नका. सगळ्यात जास्त लुकलुक त्यांचीच, आणि चित्र गोधडीसारखं होऊन बसतं. लाल-हिरवी जोडीही टाळा, कारण बऱ्याच पुरुषांना त्यांतला फरक दिसत नाही.

८. किती फ्रेम दाखवायच्या

"निअरेस्ट" दिल्यावर चित्र खोटं बोलत नाही, पण वीसपैकी एकोणीस फ्रेम गुपचूप गाळतं. निवड लायब्ररीवर सोडण्यापेक्षा स्वतः करा.

सोपा मार्ग म्हणजे दर दहावी फ्रेम घेणं: १०० पिकोसेकंदांचं अंतर, सुमारे हजार स्तंभ, छापील पानाला पुरेसे. त्याहून बरा मार्ग म्हणजे दहा-दहा फ्रेमचे गट करून प्रत्येक गटात जे अक्षर सर्वांत जास्त वेळा आलं ते दाखवणं. क्षणिक लुकलुक गळते, टिकलेला बदल राहतो. पण असं बहुमत काढलंत तर ते लिहा, कारण गटाच्या रुंदीहून जलद घडलेलं सगळं तुम्ही पुसून टाकलंय. टक्केवारीसाठी मात्र नेहमी मूळ, न गाळलेल्या फ्रेमच वापरा.

९. चित्राखाली आकडे जोडा

रंगपटावरून "म्युटंटमध्ये हेलिक्स जरा कमी दिसते" एवढंच म्हणता येतं, आणि परीक्षक तेवढ्यावर सोडत नाहीत. प्रत्येक रेसिड्यू किती टक्के फ्रेममध्ये हेलिक्स होता, याचा रेघांचा आलेख काढा. मूळ आणि म्युटंट एकावर एक ठेवले की कुठला भाग सैल झाला ते चटकन दिसतं.

चुका कुठे होतात? छेदात. काही साधनं एकूण रेसिड्यूंनी भागतात, काही टोप्याही मोजतात. हेलिक्समध्ये फक्त एच धरलाय की जी आणि आय पण, हेही सांगावं लागतं. आणि दहा हजार फ्रेम म्हणजे दहा हजार स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. शेजारच्या फ्रेम एकमेकींच्या जवळपास नकला असतात. सगळ्या फ्रेमवरून प्रमाण त्रुटी काढलीत तर ती हास्यास्पद लहान येते. वेगवेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी किमान तीन धावा करा, प्रत्येकीची एक टक्केवारी काढा आणि त्या तिघींमधला फरक दाखवा. एकाच धावेत ४० व्या नॅनोसेकंदाला हेलिक्स सुटली, तर ती सुटू शकते एवढंच सिद्ध झालं.

प्रयोगशाळेतल्या सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम) स्पेक्ट्रमशी, म्हणजे २०८ आणि २२२ नॅनोमीटरच्या खाचांवरून काढलेल्या हेलिक्सच्या टक्क्यांशी, तुमचे टक्के तंतोतंत जुळवायला जाऊ नका. दोन्ही पद्धती वेगळ्या गोष्टी मोजतात. तापमान वाढवल्यावर दोन्हीकडे कल एकाच दिशेला आहे का, एवढं बघा.

१०. दाखवण्याआधी स्वतःच आडवे प्रश्न विचारा

प्लॉटवर जिथे काहीतरी रोचक घडलंय, त्या वेळेची फ्रेम काढून डोळ्यांनी बघा. इथे व्हीएमडीचा एक जुना फसवा गुण आहे: रिबनचं चित्र काढताना ते दुय्यम रचना एकदाच ठरवतं आणि फ्रेम पुढे सरकल्या तरी आपणहून बदलत नाही. त्यामुळे हेलिक्स पार उलगडली तरी जांभळी रिबन वेडीवाकडी होऊन तशीच दिसत राहते, आणि आपण म्हणतो, "डीएसएसपी चुकलं." हवी ती फ्रेम वेगळी पीडीबी म्हणून काढून नव्यानं उघडा.

मग त्या रेसिड्यूंचे फाय-साय कोन काढा. अल्फा हेलिक्सचे कोन उणे ६० आणि उणे ४५ अंशांच्या आसपास असतात. जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासला या कोनांचा नकाशा मांडला. साठ वर्षांनंतरही डीएसएसपीची उलटतपासणी करायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. प्लॉट कॉइल म्हणतोय पण कोन जागचे हललेले नाहीत, तर बंध थोडा ताणलाय, हेलिक्स गेलेली नाही.

फोर्स फील्डही विचारात घ्या. जुन्या अँबर फोर्स फील्डांचा हेलिक्सकडे ओढा होता. एफएफ-९९-एसबी हे २००६ मध्ये मुख्य साखळीच्या कोनांची दुरुस्ती करूनच आलं. चार्म-३६-एम हे २०१७ मध्ये आलं, तेही डावखुरी हेलिक्स जास्त येते हा आधीचा दोष काढायला. पसरट, अव्यवस्थित पेप्टाइडमध्ये अचानक हेलिक्स दिसली तर आनंदानं उडी मारण्याआधी कोणतं फोर्स फील्ड वापरलंय ते बघा.

आणि मार्टिनीसारख्या ढोबळ कणांच्या मॉडेलवर हा प्लॉट काढूच नका. तिथे दुय्यम रचना तुम्हीच सुरुवातीला भरलेली असते आणि मॉडेल ती तशीच धरून ठेवतं. शंभर नॅनोसेकंद हेलिक्स स्थिर राहिली, हे तिथे निरीक्षण नाही. तुमचंच इनपुट परत मिळालंय.

११. चित्राखालची ओळ

साधन आणि त्याची आवृत्ती, अक्षरं कशी एकत्र केली, फ्रेममधलं अंतर, गाळणी लावली का, धावा किती, हे सगळं चित्राखालीच लिहा. सहा महिन्यांनी परीक्षकाचा प्रश्न येतो तेव्हा आपल्यालाही काही आठवत नसतं. ट्रिप-केजच्या दुरुस्त केलेल्या चित्राखाली मी लिहिलेली ओळ जशीच्या तशी देते, हवी तर उचला:

"ट्रिप-केजची दुय्यम रचना, ३०० केल्विन, १०० नॅनोसेकंद, तीन स्वतंत्र धावांपैकी पहिली. रचना एमडीट्राजमधल्या डीएसएसपीनं, आठ प्रकारांत. फ्रेम दर १० पिकोसेकंदांनी. चित्रात १०० पिकोसेकंदांच्या गटातलं बहुमताचं अक्षर, रंगांची सरासरी नाही. टक्केवारी सर्व फ्रेमवरून. हेलिक्समध्ये एच आणि जी वेगवेगळे मोजले आहेत. ई कुठेही आढळला नाही."